बास्करव्हिलच्या बारीक रेघा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी रोमन लिपीच्या टाइपांविषयी, म्हणजे छपाईच्या अक्षरवळणांविषयी, आलेल्या पत्रांतले बहुतेक प्रश्न एकाच टाइपाभोवती फिरत होते, म्हणून हे सदर पूर्णपणे बास्करव्हिललाच दिलं आहे. १७५०च्या दशकात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम इथे जॉन बास्करव्हिल यांनी तो तयार करून घेतला. अक्षराच्या रेघेच्या टोकाला जो छोटा आडवा पाय असतो तो सेरिफ, एवढी ओळख नव्या वाचकांना पुरेशी आहे.

प्रश्न : टाइम्स न्यू रोमन, गॅरामाँड आणि बास्करव्हिल मला सारखेच दिसतात. फरक नेमका कुठे बघायचा?

आधी स्मॉल जी बघा. छापील पानावर भिंग धरा, नाहीतर पडद्यावर अक्षर २०० पॉइंटांचं करा. या जीला दोन पोटं असतात. बास्करव्हिलमध्ये खालच्या पोटाची रेघ उजवीकडून खाली उतरते, तळाशी डावीकडे वळते, वर यायला निघते आणि जोडापर्यंत पोचायच्या आतच थांबते. पोट उघडंच राहतं. टाइम्समध्ये आणि गॅरामाँडमध्ये ते मिटलेलं असतं. एकदा ही फट डोळ्यांत बसली की पुढे भिंग लागत नाही.

मग कॅपिटल अक्षरांकडे या. क्यूची शेपटी लेखणीच्या फटकाऱ्यासारखी उजवीकडे लांब जाते. ईचा खालचा हात वरच्या हातापेक्षा स्पष्ट लांब असतो. ‘जे’ हे अक्षर आधाररेषेच्या, म्हणजे अक्षरं जिच्यावर बसतात त्या रेषेच्या, खाली उतरतं. डब्ल्यूच्या मधल्या टोकाला सेरिफ नसतो. सी या अक्षराला वर आणि खाली दोन्हीकडे सेरिफ असतो.

खरा स्वभाव मात्र स्मॉल ओमध्ये दिसतो. गॅरामाँडच्या ओमध्ये रेघ सर्वांत बारीक होते ती घड्याळात ११ आणि ५ जिथे असतात तिथे, म्हणजे अक्षराचा अक्ष डावीकडे कललेला असतो. ही रुंद टाकाची खूण आहे. बास्करव्हिलमध्ये त्या बारीक जागा जवळजवळ १२ आणि ६ वर येतात. अक्ष उभा राहतो आणि जाड-बारीक रेघांतला फरक वाढतो. हे कुठून आलं हेही कळतं. जॉन बास्करव्हिल टाइपाकडे वळण्याआधी सुलेखन शिकवत आणि थडग्यांच्या शिळांवर अक्षरं कोरत. त्यांच्या कामाची जाहिरात करणारी एक कोरलेली पाटी बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात आजही जपलेली आहे. ज्यांवरून टाइपाचे साचे बनतात ते पोलादी ठसे प्रत्यक्ष कापले ते जॉन हँडी या कारागिराने.

टाइम्स न्यू रोमन फार पुढचा, १९३२ सालचा. तो लंडनच्या टाइम्स दैनिकासाठी झाला. अरुंद कॉलमात जास्त मजकूर मावावा हा हेतू, म्हणून त्याची अक्षरं आवळलेली आणि स्मॉल अक्षरांची पोटं उंच. बास्करव्हिल ऐसपैस बसतो. अभ्यासक त्याला गॅरामाँड-कॅस्लनसारखे जुने टाइप आणि बोडोनी-दिदोसारखे आधुनिक टाइप यांच्या मधल्या ‘संक्रमणकालीन’ गटात टाकतात. वर्गीकरणापुरतं ते ठीक आहे, पण त्या नावामुळे हा टाइप अर्ध्या वाटेवर थांबलेला वाटतो, आणि तसा तो मुळीच नाही. बोडोनीची रेघ लांबलचक वाचनात डोळ्यांना टोचते. बास्करव्हिल ३०० पानं वाचता येतो.

प्रश्न : इंग्रजी पुस्तक बास्करव्हिलमध्ये लावलं. पडद्यावर सुरेख दिसत होतं. छापून आलं तेव्हा पान फिकट, आणि काही ओळींत सेरिफ चक्क तुटलेले. चूक छपाईची की टाइपाची?

बहुतेक वेळा दोष फाँटाच्या निवडलेल्या आवृत्तीचा असतो. त्याखालोखाल शाईच्या रंगाचा.

आधी कारण समजून घेऊ. धातूचा खिळा, म्हणजे एका अक्षराचा ओतीव तुकडा, ओलसर कागदावर दाबला की शाई कडेने थोडी पसरते. कागदावरची रेघ खिळ्यावरच्या रेघेपेक्षा नेहमी जाड उमटते. त्या काळचे ठसे कापणारे हे हिशोबात धरूनच रेघ बारीक ठेवत. बास्करव्हिलना हा पसारा शक्य तितका कमी हवा होता आणि त्यासाठी त्यांनी छपाईची सगळी साखळीच बदलली. यंत्रातलं मऊ अस्तर कमी करून दाब कडक ठेवला, शाई अधिक काळी केली आणि छापलेले ताव तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून गुळगुळीत केले. १७५७ साली त्यांनी छापलेल्या, लॅटिन कवी व्हर्जिलच्या काव्यग्रंथाचा काही भाग विणलेल्या जाळीवर बनवलेल्या नव्या प्रकारच्या कागदावर आहे. जुन्या कागदावर उजेडात दिसणारे तारांचे पट्टे या कागदावर नसत. लाखकाम केलेल्या वस्तूंच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळवला होता, म्हणून पहिल्या पुस्तकाआधीची काही वर्षं ते नुसत्या तयारीवर घालवू शकले.

आता ऑफसेटवर, म्हणजे सपाट प्लेटवरून होणाऱ्या आजच्या छपाईवर, या. इथे खिळा नाही, कागदात रुतणं नाही. फाइलमध्ये रेघ जेवढी बारीक, साधारण तेवढीच ती उमटते. संगणकावरचे काही बास्करव्हिल मोठ्या आकाराच्या टाइपावरून किंवा मूळ आराखड्यांवरून रेखाटलेले आहेत आणि शाईच्या पसरण्यामुळे मिळणारी जाडी त्यांच्यात भरलेली नाही. शिवाय धातूच्या काळात प्रत्येक आकाराचा टाइप स्वतंत्र कापला जाई आणि लहान आकारातल्या बारीक रेघा प्रमाणाने जाड ठेवल्या जात. संगणकावर एकच आराखडा ८ पॉइंटांपासून ८० पॉइंटांपर्यंत ताणला जातो.

आकडे मांडून बघा. बारीक रेघ अक्षराच्या पॉइंट-आकाराच्या अडीच टक्के आहे असं धरू. ८ पॉइंट म्हणजे २.८२ मिलिमीटर, म्हणजे रेघ जेमतेम ०.०७ मिलिमीटरची. ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपके देणाऱ्या, लेझर प्रिंटरचा एक ठिपका ०.०४२ मिलिमीटरचा. रेघेच्या वाट्याला दोन ठिपकेही पूर्ण येत नाहीत. असा प्रिंटर बारीक रेघ पूर्ण ठिपक्यांत बसवताना थोडी जाड करतो, म्हणून प्रूफ ठसठशीत दिसतं आणि प्लेटवरून छापलेलं पान फिकट. लेझरच्या प्रूफावर बास्करव्हिलची जाडी ठरवू नये, हे त्यामुळेच.

सेरिफ तुटणं हा वेगळा प्रकार आहे. तिथे मजकुराचा रंग तपासा. मजकूर १०० टक्के काळ्याऐवजी करडा किंवा तपकिरी केला असेल, तर तो जाळीच्या ठिपक्यांत छापला जातो. १५० लाइनच्या स्क्रीनमध्ये, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या १५० ओळी असलेल्या जाळीत, ठिपक्याचं एक घर ०.१७ मिलिमीटरचं, आणि आपली रेघ त्याच्या निम्म्यापेक्षाही बारीक. ती सलग राहणंच शक्य नाही. चार रंगांच्या मिश्रणातून बनवलेला काळाही असाच घातक, कारण प्लेट केसभर सरकली की प्रत्येक सेरिफाला रंगीत सावली येते. वर्ड प्रोसेसरमधून आणलेला मजकूर हमखास मिश्र काळा होऊन येतो. पीडीएफ उघडून रंगांच्या प्लेटा एकेक करून बघा. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर दिसायला हवा.

कागदाचंही थोडं आहे. खरखरीत, फुगीर कागदावर शाई आत मुरते आणि काळा रंग करडा पडतो. चकचकीत आर्ट पेपरवर रेघ धारदार उमटते पण पान चकाकतं. गुळगुळीत, बिनलेपाचा, किंचित पिवळसर ८० ते ९० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कागद या टाइपाला सर्वांत मानवतो.

पुढच्या वेळी पूर्ण पुस्तक लावण्याआधी एकच पान तीन प्रकारे लावा : निवडलेल्या आवृत्तीत ११ पॉइंट, त्याच आवृत्तीत ११.५ पॉइंट, आणि दुसऱ्या, जरा जाड रेघेच्या आवृत्तीत ११ पॉइंट. तिन्ही पानं खऱ्या कागदावर, खऱ्या यंत्रावर, दुसऱ्या एखाद्या फर्म्याच्या, म्हणजे एकत्र छापायच्या पानांच्या तावाच्या, मोकळ्या जागेत छापून घ्या. अक्षरांना कडेची रेघ लावून ती जाड करण्याच्या मोहात पडू नका. त्याने बारीक रेघेबरोबर जाड रेघही फुगते, ए आणि ई यांच्या आतल्या जागा बुजतात आणि पान मळकट दिसतं.

प्रश्न : माझ्या संगणकावर ‘बास्करव्हिल ओल्ड फेस’ आहे. नाव जुनं आहे म्हणजे तोच अस्सल ना?

नाही. तो ज्या टाइपावर बेतला आहे तो बास्करव्हिलच्या टाइपाची फ्राय यांच्या टाइप ओतणाऱ्या फाउंड्रीने अठराव्या शतकातच केलेली नक्कल. तो शीर्षकासाठीचा टाइप आहे, रेघा फार बारीक, आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर येणाऱ्या फाँटात फक्त साधी जाडी असते. इटॅलिकचं बटण दाबलं की संगणक सरळ अक्षर नुसतं तिरकं करतो, बोल्डचं दाबलं की तेच अक्षर फुगवतो. ३० पॉइंटांच्या वर तो देखणा आहे. ११ पॉइंटांना वापरू नये.

बास्करव्हिल हे नाव आज अनेक फाँटांवर आहे आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. मोनोटाइप कंपनीने १९२३ साली केलेलं पुनरुज्जीवन विसाव्या शतकातल्या पुस्तकांत फार चाललं. मॅकवर येणारा बास्करव्हिल याच वळणाचा आहे, त्यात साधी, सेमीबोल्ड आणि बोल्ड अशा तीन जाड्या, प्रत्येकीचं खरं इटॅलिक. पुस्तकाच्या मजकुराला हा चांगला, फक्त १० पॉइंटांच्या खाली नको. आयटीसी न्यू बास्करव्हिलची स्मॉल अक्षरं जरा उंच आहेत, त्यामुळे तो लहान आकारात जास्त तग धरतो. लिब्रे बास्करव्हिल वेबसाठी झाला. मिसेस इव्हज हा झुझाना लिच्को यांनी १९९६ साली केलेला टाइप. बास्करव्हिल यांच्या घरी राहणाऱ्या आणि पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या सारा इव्हज यांच्यावरून त्याचं नाव पडलं. त्यात जाड-बारीकचा फरक मुद्दाम कमी ठेवला आहे, एफ-आयसारखी एकत्र जोडलेली अक्षरं भरपूर आहेत, पण स्मॉल अक्षरं फार लहान आणि अक्षरांमधली जागा सैल. कवितेच्या पानाला, मुखपृष्ठाला, छोट्या मजकुराला तो गोड दिसतो. २०० पानांच्या गद्याला लावला की ओळी विस्कटतात.

मूळ ठसे कुठे गेले असंही एका पत्रात विचारलं आहे. १७७५ साली बास्करव्हिल वारले. पत्नीने ठसे फ्रान्सच्या बोमार्शे यांच्या संस्थेला विकले आणि त्यांतून व्होल्तेअरचं समग्र साहित्य जर्मनीतल्या केल गावी छापलं गेलं. हात बदलत ते पॅरिसच्या देबर्नी आणि पेन्यो फाउंड्रीकडे आले. १९५३ साली तिथून केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्याला भेट मिळाले. त्याच विद्यापीठासाठी १७६३ साली बास्करव्हिल यांनी बायबल छापलं होतं.

प्रश्न : डेमी आकाराच्या इंग्रजी पुस्तकासाठी नेमकी मापं द्याल का?

१४० बाय २१६ मिलिमीटरचं पान धरून सुरुवात अशी करा. टाइप ११ पॉइंट, ओळ ते ओळ अंतर १४.५ पॉइंट, ओळीची लांबी १०२ मिलिमीटर. ओळीत साधारण ६० ते ६५ अक्षरं येतात. पानावर ३३ ओळी, म्हणजे मजकुराची उंची सुमारे १६८ मिलिमीटर. समास आत १६, बाहेर २२, वर २० आणि खाली २८ मिलिमीटर. पुस्तक ३०० पानांच्या वर जात असेल तर आतला समास २ ते ३ मिलिमीटर वाढवून बाहेरचा तेवढा कमी करा, नाहीतर शिवणीकडची अक्षरं वळणात जातात.

टाइम्सची सवय असलेले इथे एक चूक करतात. टाइम्समध्ये १०.५ पॉइंटांना जे वाचता येतं तेवढंच बास्करव्हिलमध्ये वाचायला साधारण ११.५ लागतं, कारण स्मॉल अक्षरांची उंची कमी. पानं वाढतात म्हणून टाइप लहान केला किंवा ओळी १३ पॉइंटांवर आवळल्या, तर या टाइपाचा जीवच जातो. त्याच्या बारीक रेघांना आजूबाजूला पांढरं लागतं. पानं वाचवायची असतील तर सरळ दुसरा टाइप घ्या.

दोन्ही कडा सरळ ठेवताना शब्दांमधली जागा किमान ८०, हवी ती ९५, कमाल १२५ टक्के. अक्षरांमधली जागा शून्य. अक्षराची रुंदी ताणण्याची सोय बंद. हायफनेशन, म्हणजे ओळीच्या शेवटी जोडरेघ देऊन शब्द तोडण्याची सोय, चालू ठेवा आणि मजकुराची भाषा इंग्रजी निवडली आहे ना हे बघा. मराठीच्या टेम्प्लेटमध्ये इंग्रजी पुस्तक लावलं की भाषा मराठीच राहते, शब्द तुटत नाहीत, आणि पानातून पांढऱ्या भेगा उभ्या उतरतात.

प्रश्न : इटॅलिक, आकडे आणि स्मॉल कॅप्स यांत काय सांभाळायचं?

इटॅलिक हा या टाइपाचा दागिना आहे. अक्षरं अरुंद, हस्ताक्षराच्या वळणाची, आणि जे, एन, टी, वाय या कॅपिटलांना काही आवृत्त्यांत झोकदार फटकारा. पुस्तकाचं नाव, परभाषेतला शब्द, एखादं संबोधन इथे ते वापरा. अख्खा परिच्छेद इटॅलिकमध्ये फिकट पडतो. सगळी कॅपिटलं इटॅलिकमध्ये लावायची वेळ आली तर फटकाऱ्याची पर्यायी अक्षरं बंद करा, ती एकमेकांत अडकतात.

आकड्यांचे दोन प्रकार असतात : सगळे कॅपिटलांच्या उंचीचे, आणि काही वर-खाली जाणारे जुन्या वळणाचे. वाक्यात जुन्या वळणाचे, तक्त्यात सम उंचीचे. तुमच्या आवृत्तीत जुने आकडे नसतील तर वाक्यातलं साल अर्धा पॉइंट लहान करून १० ते १५ एककं सैल ठेवा. एकक म्हणजे टाइपाच्या आकाराचा हजारावा भाग.

स्मॉल कॅप्स, म्हणजे स्मॉल अक्षरांच्या उंचीची कॅपिटलं, खऱ्या असतील तरच लावा. खोट्या म्हणजे मोठी कॅपिटलं ७० टक्क्यांवर आणलेली. ११ पॉइंटांच्या मजकुरात ती ७.७ पॉइंटांची होतात, रेघही तेवढीच रोडावते, आणि आजारी दिसतात. अडलंच तर सेमीबोल्डमधली कॅपिटलं ७८ ते ८० टक्क्यांवर घेऊन ४० एककं सैल करा. ही तडजोड आहे, पण पान वाचतं.

एफ-आय, एफ-एल यांची जोडअक्षरं चालू ठेवा, नाहीतर एफचा वरचा बाक आयच्या टिंबावर आपटतो. अक्षरं २५ एककांपेक्षा सैल केली असतील तिथे मात्र बंद करा. सैल शब्दात एकच जोडी चिकटलेली राहिली तर ती चूक वाटते.

प्रश्न : मराठी मजकुरात मधूनमधून येणारे इंग्रजी शब्द रोमन लिपीतच ठेवायचे आहेत. देवनागरीशेजारी बास्करव्हिल चालेल का?

चालेल, आणि गॅरामाँडपेक्षा बरा चालेल. बोरूचा काप टाकाच्या कापाच्या उलट असतो, म्हणून देवनागरीत जाड-बारीकचा कल रोमनच्या उलट दिशेला पडतो. गॅरामाँडचा कललेला अक्ष त्याच्याशी भांडतो. बास्करव्हिलचा अक्ष उभा, त्यामुळे विसंवाद कमी होतो. देवनागरी फाँटही जाड-बारीक फरक असलेला घ्या, उदाहरणार्थ तिरो देवनागरी मराठी. एकसारख्या जाडीच्या देवनागरीशेजारी बास्करव्हिल पाहुणा वाटतो.

आकार डोळ्याने ठरवू नका, मोजा. दोन्ही फाँटांत १०० पॉइंटांना ‘कम’ आणि एक कॅपिटल एच शेजारी-शेजारी लावा. आधाररेषेपासून शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंत अंतर मोजा, आणि एचची उंची मोजा. एच शिरोरेषेपेक्षा सुमारे ५ टक्के उंच ठेवला की स्मॉल अक्षरं शिरोरेषेच्या खाली राहतात आणि डोळा अडखळत नाही. समजा शिरोरेषा ६२ पॉइंटांवर आणि एच ६८ पॉइंटांचा निघाला. ६२ ची ५ टक्के वाढ ६५.१, त्याला ६८ ने भागलं की ०.९६. म्हणजे १३ पॉइंटांच्या देवनागरीशेजारी बास्करव्हिल १२.५ पॉइंट. हे प्रमाण इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधल्या, रोमन अक्षरं शोधून आपोआप लागणाऱ्या ग्रेप स्टाइलमध्ये टाका. हाताने लावाल तर ४०व्या पानावर विसराल. मग पान हातभर दूर धरून डोळे किलकिले करा. रोमन शब्दांच्या जागी फिकट भोकं दिसली तर रोमनची जरा जाड आवृत्ती घ्या.

दोन बारीक गोष्टी. विरामचिन्हं सगळीकडे देवनागरी फाँटातलीच ठेवा. आणि रोमन शब्दाला विभक्ती जोडली जाते, तेव्हा ‘च्या’, ‘ला’, ‘मध्ये’ यांची शिरोरेषा आधीच्या रोमन अक्षराच्या सेरिफाला जाऊन टेकते. आर, के, एक्स यांच्यानंतर हे फार जाणवतं. तिथे ३० ते ५० एककांची जागा द्या. पूर्ण स्पेस दिली तर शब्द तुटतो, आणि ओळीच्या शेवटी ‘च्या’ एकटाच खालच्या ओळीत जातो.

प्रश्न : बास्करव्हिलमध्ये छापलेलं विधान लोकांना जास्त खरं वाटतं, असं वाचलं. यात तथ्य किती?

२०१२ साली चित्रपट दिग्दर्शक एरॉल मॉरिस यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर एक चाचणी घेतली. वाचकांना एक विधान दाखवून ते पटतं का असं विचारलं होतं. प्रत्येकाला ते सहापैकी एका टाइपात दिसत होतं : बास्करव्हिल, जॉर्जिया, कॉम्प्युटर मॉडर्न, हेल्व्हेटिका, ट्रेबुशे, कॉमिक सॅन्स. सुमारे ४५,००० जणांनी भाग घेतला. बास्करव्हिलमध्ये विधान पटणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं, पण फरक दीड टक्क्याच्या आसपास. एक विधान, एक संकेतस्थळ, एका प्रकारचे वाचक. एवढ्यावरून निवेदनाला हा टाइप लावला की लोक विश्वास ठेवतील, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

उलट पूर्वग्रहाचंही उदाहरण आहे. बास्करव्हिलच्या हयातीत लंडनमधले काही लोक म्हणत की याच्या बारीक रेघांनी देशाचे डोळे जातील. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६०च्या सुमारास बास्करव्हिलना पत्रात एक प्रसंग कळवला. अशीच तक्रार करणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी कॅस्लनच्या टाइपाचा नमुना-ताव वरचं नाव फाडून दिला आणि हा बास्करव्हिलचा आहे असं सांगितलं. गृहस्थांनी त्या तावात बास्करव्हिलचे सगळे दोष दाखवले. टाइप निवडताना नाव झाकून छापील पान बघावं, हा धडा आजही तितकाच कामाचा आहे.

प्रश्न : संकेतस्थळावर वापरायचा तर?

लिब्रे बास्करव्हिल घ्या. तो साधारण १६ पिक्सेलच्या मजकुरासाठी बेतलेला आहे : स्मॉल अक्षरं उंच, पोटं रुंद, जाड-बारीक फरक थोडा कमी. ओळ-अंतर १.६ ते १.७५ पट, ओळीत ६५ च्या आसपास अक्षरं. साधा, इटॅलिक आणि बोल्ड तिन्ही लोड करा, नाहीतर ब्राउझर खोटं इटॅलिक बनवतो. पर्यायी फाँट म्हणून यादीत जॉर्जिया ठेवा. मॅकमधला बास्करव्हिल ठेवला तर तो खूप लहान दिसतो आणि फाँट उतरल्यावर पान उडी मारतं. हाच लिब्रे छापील पुस्तकात लावायचा असेल तर ९ ते ९.५ पॉइंटांवर आणा, ११ ला तो बालवाचनमालेसारखा दिसेल.

प्रश्न : टाइप अडीचशे वर्षांहून जुना आहे, मग परवान्याची गरज काय?

आराखडा जुना, पण फाँटाची फाइल हे आजचं सॉफ्टवेअर आहे आणि तिला तिचा परवाना लागू होतो. छापील वापर, वेब आणि ॲप यांचे परवाने बरेचदा वेगवेगळे असतात. लिब्रे बास्करव्हिल खुल्या परवान्यात असल्यामुळे व्यावसायिक कामालाही चालतो, फक्त फाँटाची फाइल सुटी विकता येत नाही.

प्रश्न : मुखपानावर पुस्तकाचं नाव कॅपिटलांत लावलं, पण मोठ्या पुस्तकांसारखं दिसत नाही. काय कमी पडतं?

जागा कमी पडते. व्हर्जिलचं १७५७ सालचं मुखपान म्हणजे नुसती अक्षरं : वेलबुट्टी नाही, चौकट नाही. मोठ्या कॅपिटलांत कवीचं नाव, खाली काव्यांची नावं, तळाशी गाव, मुद्रक आणि रोमन अंकांत साल. सगळा डौल कॅपिटलांमधल्या आणि ओळींमधल्या पांढऱ्यातून येतो.

तुमच्या पानावर आधी आकार कमी करा. ३६ पॉइंटांचं नाव २४ वर आणा आणि अक्षरं १०० एककं सैल करा. शेवटच्या अक्षरामागेही तेवढी जागा लागते आणि ओळ डावीकडे सरकते, म्हणून त्या एकाच अक्षराचं सैलपण शून्य करून मग ओळ मध्यभागी घ्या. आता जोड्या बघा. एलनंतर ए आलं की मध्ये मोठी पोकळी राहते आणि ती कमी करता येत नाही, कारण दोघांचे पाय आधीच जवळ आलेले असतात. त्या जोडीला मोजपट्टी माना आणि एच-आय, आय-एन यांसारख्या उभ्या रेघांच्या जोड्या तिच्याइतक्या मोकळ्या दिसेपर्यंत सैल करत जा. ए-व्ही आणि टी-ओ उलट आवळाव्या लागतात. पान उलटं धरून तपासा. शब्द वाचता आला नाही की अक्षरांमधल्या पोकळ्या आपोआप दिसायला लागतात.